पाण्याची बाटली सोबत असली की भीती का जात नाही?

सोलापुरात कुणी थेरपी घेतंय असं कळलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "नुसतं बोलायला पैसे कशाला द्यायचे? आमच्याशी बोल की!" चांगली शिकलेली माणसंही हे मनापासून म्हणतात, आणि थेरपिस्ट निवडताना हीच समजूत सगळ्यात जास्त आड येते. थेरपी म्हणजे मन मोकळं करणं, असं एकदा ठरवलं की शांतपणे ऐकून घेणारा कुणीही चालतो.

मन मोकळं केल्याने बरं वाटतं यात शंका नाही. पण तेवढंच औषध असतं, तर अपघात किंवा भाजण्यासारख्या प्रसंगानंतर लोकांना लगेच सगळं सविस्तर बोलायला लावल्यावर फायदा व्हायला हवा होता. हा प्रकार 'डीब्रीफिंग' या नावाने बरीच वर्षं जगभर चालला. मग त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या. उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या २००२च्या आढाव्यात निष्कर्ष निघाला की एकाच बैठकीत असं बोलून घेतल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही. भाजलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात तर अशी बैठक मिळालेल्यांची अवस्था वर्षभरानंतर, ती न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली.

मग थेरपीत माणूस बरा कशाने होतो? त्याची उत्तरं आजारागणिक वेगळी आहेत. त्यातलं एक मला फार मोलाचं वाटतं, कारण ते इतकं स्पष्ट आहे की त्यावरून समोरचा थेरपिस्ट काय करतोय हे आपल्याला तपासता येतं.

समजा, अशोक चौकाजवळ राहणारा एक यंत्रमाग कामगार आहे. मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात अक्कलकोटच्या एसटीत उभा असताना त्याची छाती धडधडली, हातांना मुंग्या आल्या, श्वास अपुरा पडला. हार्ट अटॅकच आला असं वाटलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी व्यवस्थित. "गॅसेस असतील," म्हणून घरी पाठवलं. आठवड्याने पुन्हा तेच, यावेळी नवी पेठेच्या गर्दीत. याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्यानंतर त्याने एसटी सोडली. जायचंच झालं तर पुतण्याला सोबत घेतो, खिडकीची जागा धरतो आणि हातात पाण्याची बाटली घट्ट ठेवतो. बाटली असली की काही होत नाही. अशी दोन वर्षं गेली, पंचवीसेक वेळा प्रवास झाला, एकदाही काही झालं नाही. तरी भीती जशीच्या तशी.

इथे थांबून विचार करा. पंचवीस वेळा काहीही वाईट झालं नाही, तरी मेंदू शिकला कसा नाही?

१९७२ साली रॉबर्ट रेस्कोर्ला आणि अॅलन वॅग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शिकण्याचं एक छोटं सूत्र मांडलं. त्याचा गाभा असा: मेंदू घटनेतून शिकत नाही, तो अपेक्षा चुकल्याने शिकतो. जे घडलं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा करा. उरलेला फरक जितका मोठा, तितकं शिकणं मोठं. फरक शून्य, तर शिकणंही शून्य. आणि यातली खरी मेख पुढेच आहे: 'अपेक्षित' म्हणजे त्या क्षणी समोर असलेल्या सगळ्या खुणांची बेरीज.

आकडे घालून बघू. एसटीत काहीतरी भयंकर होणार, ही अपेक्षा ८०. प्रत्यक्षात घडलं शून्य. फरक उणे ८०. या फरकाचा पाचवा हिस्सा दर वेळी पदरात पडतो असं धरलं, तर पहिल्या प्रवासानंतर ८०चे ६४ होतील, दुसऱ्यानंतर ५१, तिसऱ्यानंतर ४१. उतरण व्यवस्थित आहे. आता बाटली आणा. बाटली म्हणजे 'काही होणार नाही' याची खूण, म्हणून तिची किंमत उणे ८०. एसटीचे ८० आणि बाटलीचे उणे ८०, बेरीज शून्य. घडलंही शून्य. फरक शून्य. एसटीचे ८० तसेच्या तसे राहिले. पंचवीस काय, पाचशे वेळा प्रवास केला तरी ते हलणार नाहीत. मेंदूने हिशेब अगदी बरोबर केला आहे: काही झालं नाही, कारण बाटली होती.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा परिणाम स्पष्ट दिसतो. अशा आधारांना थेरपीच्या भाषेत सुरक्षा-वर्तन म्हणतात. पुतण्या, खिडकीची जागा, खिशातली गोळी, दर दहा मिनिटांनी नाडी मोजणं, हे सगळे त्यातलेच. "काळजी करू नकोस, मी आहे ना" हे घरच्यांचं प्रेमाचं वाक्यही त्याच यादीत बसतं. आमच्याशी बोल की, असं म्हणणाऱ्यांना नेमकं हेच दिसत नाही. ते धीर देतात, आणि धीर देणारा माणूसच बाटलीच्या जागी जाऊन बसतो.

पण हे सूत्रही अपुरं आहे. त्याच्या हिशेबाने भीती शून्यावर आली की ती पुसली जायला हवी. तसं होत नाही, हे पावलोव्हने शंभर वर्षांपूर्वीच कुत्र्यांवर पाहिलं होतं. खूण पुन्हा पुन्हा देऊनही अपेक्षित गोष्ट घडली नाही की प्रतिसाद मावळतो, म्हणजे विझतो. पण असा विझवलेला प्रतिसाद थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परत येतो. पुढे मार्क बूटन या संशोधकाने दाखवलं की एका जागी विझलेली भीती दुसऱ्या जागी नेलं की पुन्हा उफाळते. याचा अर्थ मेंदू जुनी ओळ खोडत नाही, तिच्या शेजारी नवी ओळ लिहितो: 'एसटी म्हणजे संकट' याच्या बाजूला 'एसटीत काही होत नाही'. कुठली ओळ वाचली जाईल, हे जागा, वेळ आणि शरीराची अवस्था यांवर ठरतं.

ही नवी ओळ मेंदूत कुठे असते याचाही पुष्कळ शोध लागला आहे. भीतीचा इशारा देणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, कानशिलामागे खोलवर, दोन्ही बाजूंना असतो. त्याच्यावर कपाळामागच्या भागातून, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या आतल्या-खालच्या पट्ट्यातून लगाम येतो. २००२मध्ये मिलाद आणि क्वर्क या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या या पट्ट्याच्या पेशींचे विद्युतसंकेत नोंदवले. एका आवाजाची शिकवलेली भीती विझवल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच आवाज ऐकवला, तेव्हा ज्या उंदरांच्या या पेशी जोरात पेटल्या ते कमी घाबरले. हा संकेत अमिग्डालाच्या आतल्या, मधल्या फटीत बसलेल्या बारीक पेशीपुंजक्यांपर्यंत जातो. त्या पेशी 'गाबा' हे रसायन सोडून अमिग्डालाच्या बाहेर जाणाऱ्या इशाऱ्याला आवर घालतात. आणि 'आपण आत्ता कुठे आहोत' ही माहिती हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा दुसरा भाग पुरवतो, म्हणून जागा बदलली की लगाम सैल पडतो. वाचायला हे जड आहे, पण यातूनच थेरपीची पद्धत ठरते.

चांगली थेरपिस्ट आपल्या कामगाराला पहिल्यांदा हृदय, थायरॉइड, रक्तातली साखर तपासायला सांगेल. सोलापूरच्या उन्हात चक्कर खरोखरही येते, ते आधी वेगळं काढायला हवं. मग ती एक कागद पुढे करेल. त्यावर चार रकाने: काय करणार, काय होईल असं वाटतं, किती टक्के खात्री, प्रत्यक्षात काय झालं.

"समजा आत्ता इथे एक मिनिट जोरजोरात श्वास घेतला, तर काय होईल?"

"चक्कर येऊन पडणार, मॅडम."

"किती खात्री?"

"नव्वद टक्के."

मग दोघं मिळून एक मिनिट भराभर श्वास घेतात. हातांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, तोंड कोरडं पडतं. तो पडत नाही. चौथा रकाना त्याने स्वतःच्या हाताने भरायचा, मॅडमनी नाही. नंतर जिने धावत चढणं, खुर्चीत गरगर फिरणं, म्हणजे भीती वाटणाऱ्या संवेदना मुद्दाम आणायच्या. मग सात रस्त्यापर्यंत एसटी, आधी पुतण्यासोबत, मग एकट्याने, मग दुपारी, मग उभ्याने. पाणी प्यायचं, पण चढण्याआधी आणि उतरल्यावर. मधल्या वेळात बाटली पिशवीत नाही, घरी. दर वेळी जागा बदलायची, कारण क्लिनिकमध्ये लिहिलेली ओळ एसटी स्टँडवर वाचली जाईलच असं नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न सोपा आहे: "माझ्या त्रासावर आपण नेमकं काय करणार आहोत, आणि घरी मला काय करावं लागेल?" याचं साध्या भाषेत उत्तर देता न येणाऱ्या व्यक्तीकडे मी तरी माझ्या माणसाला पाठवणार नाही. पॅनिकसाठी महिनोन्महिने फक्त बालपणाबद्दल बोलणं चाललं असेल, किंवा दर भेटीत नुसता धीर मिळत असेल, तर भेटीनंतर दोन दिवस बरं वाटेल आणि एसटीचे ८० तसेच राहतील. खिशातल्या अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांमुळेही या शिकण्यात अडथळा येऊ शकतो. मात्र त्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. त्याबद्दल डॉक्टर आणि थेरपिस्ट यांनी एकमेकांशी बोलायला हवं.

सगळेच त्रास भीतीचे नसतात. नैराश्यात माणूस हळूहळू सगळं करणं सोडतो. तिथे उलट, छोट्या छोट्या कृती परत सुरू करून घेतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ही पद्धत वापरली. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर, नेहमीच्याच उपचारांत ३९ टक्के. मला यातून पदवी बिनकामाची आहे असं म्हणायचं नाही. त्या समुपदेशकांकडे ठरलेली पद्धत होती आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती.

पदव्यांचं थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. तो औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, पण त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. समुपदेशक ही पाटी मात्र वर्षानुवर्षं शिकलेलाही लावतो आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलाही. शिक्षण किती, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे तिथे खोदून विचारा. सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२पासून चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. आधी हा फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा.

भाषेचा मुद्दा सोलापुरात खास महत्त्वाचा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारा माणूस बाहेर उत्तम मराठी बोलतो, पण रात्री तीन वाजता भीती त्याच्या मनात घरच्या भाषेत बोलते. ती भाषा कळणारी व्यक्ती मिळत असेल, तर तिला झुकतं माप द्या. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नात्यातला किंवा मित्राच्या घरातला थेरपिस्ट टाळलेला बरा. गोपनीयतेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. जीवाला धोका असणं किंवा बालकावर लैंगिक अत्याचार झालेला असणं, असे मोजके अपवाद चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत सांगतो.

"एका सेशनमध्ये भीती कायमची गायब", "अवचेतन मनाचं री-प्रोग्रामिंग", "मागच्या जन्मात जाऊन मूळ शोधू" अशा जाहिराती आता मोबाइलवर रोज येतात. मेंदू ओळ खोडतच नाही, हे कळलेला माणूस कायमचं गायब करण्याचं वचन देऊच शकत नाही. आणि पॅनिकच्या झटक्याला बाहेरची बाधा समजून माणसाला मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३पासून कायद्याने गुन्हा आहे. बाधा उतरवणाऱ्याने दिलेला ताईतही हिशेबात बाटलीच असतो: काही झालं नाही, कारण ताईत होता.

निवड झाली की प्रगती मोजून घ्या. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची, आणि जीएडी-७ ही चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली भरायला पाच मिनिटं लागतात. याची गरज का, ते २००५च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. ५५० जणांपैकी ४० जणांची प्रकृती थेरपी चालू असताना बिघडली. थेरपिस्टना आधी विचारलं होतं की कोण बिघडेल. त्यांनी फक्त तिघांची नावं घेतली, त्यातलं एकच बरोबर ठरलं. प्रेमळ, अनुभवी माणसालाही नुसत्या नजरेने हे दिसत नाही. पाच-सहा भेटींनंतर आकडा जागचा हलला नसेल, तर तसं तोंडावर सांगा. "तुमची पद्धत मला लागू पडत नाहीये," हे ऐकून जो चिडत नाही, उलट कागद काढून पुन्हा विचार करतो, त्याच्याकडे आणखी काही भेटी द्यायला हरकत नाही. जो तुमच्यावरच दोष ढकलतो, तो सोडा. उपचारांची कागदपत्रं मागण्याचा हक्कही २०१७च्याच कायद्यात आहे. ती घेतली की नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

शेवटच्या काही भेटी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने ठेवतात. मधल्या काळात भीती थोडी परतते, आणि ती परतलेली असताना पुन्हा केलेला सराव जास्त टिकतो. आपला कामगार वर्षभर एसटीने फिरला आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत त्याची छाती पुन्हा धडधडली, तर थेरपी फुकट गेली असा त्याचा अर्थ नाही. ती जागा अजून तक्त्यात आलेली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गड्ड्यावर जायचं, पहिले तीन रकाने निघण्याआधी भरायचे आणि चौथा घरी आल्यावर. दोन-तीन आठवड्यांत जमलं नाही, तर थेरपिस्टला फोन करून एक-दोन जादा भेटी मागून घ्यायच्या.