पाव वाळतो म्हणून शिळा होत नाही

या थंडीत परभणीत सकाळी सातला बोटं वाकत नाहीत अशी गत होती आणि मला नेमकं तेव्हाच घरी पाव भाजायचं खूळ लागलं. सोबत टोमॅटो-गाजराचं सूप. पहिल्यांदा तर पीठ फुगलंच नाही, यीस्टला २५-३० डिग्री असली की बरं वाटतं आणि आमचं स्वयंपाकघर म्हणजे शेतातली विहीर, शेवटी पातेलं गोधडीत गुंडाळून बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलं तेव्हा कुठं वर आलं. असो. पाव झाला, घरभर वास सुटला, अर्धा तिथंच संपला. उरलेल्यातला मोठा तुकडा आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजात टाकला. "बाहेर ठेवलास तर वाळून दगड होईल, नसता बुरशी तरी येईल."

एक छोटा तुकडा मात्र भाकरीच्या डब्यात राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर डब्यातला दाबला की दबतोय आणि फ्रीजातला मोडला की भुगा पडतोय. पिशवीची गाठ तशीच होती, म्हणजे पाणी उडून गेलं म्हणावं तर तेही नाही. "काहून रे असं?" आई म्हणाली, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

हा प्रश्न जुना आहे. १८५२ साली बूसँगो नावाच्या फ्रेंच केमिस्टनं पाव हवाबंद करून ठेवला, पाणी बाहेर जायला वाटच नाही, तरी पाव शिळा झाला. आणि तोच पाव ६० डिग्रीच्या वर तापवला की पुन्हा मऊ. आता जे वाळलं असतं ते नुसतं तापवून मऊ कसं होईल? आणखी वाळलं असतं की! म्हणजे भानगड पाण्याची नाही, स्टार्चची आहे.

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब माळा. त्यातली एक जात सरळ, तिला अमायलोज म्हणतात (शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग बघितला होता ना, तो हिच्यामुळं, आयोडीन तिच्या वेटोळ्यात जाऊन बसतं). दुसरी फांद्या फुटलेली, बाभळीसारखी, ती अमायलोपेक्टिन. कच्च्या पिठात या माळा बारीक बारीक दाण्यांत घट्ट रचून ठेवलेल्या असतात. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की दाणे फुगतात, रचना मोडते, माळा सुट्या होऊन पाण्यात पसरतात. गव्हाचं हे ६० डिग्रीच्या आसपास होतं, ज्वारीला आणखी आठ-दहा डिग्री जास्त लागतात.

हे तुम्ही रोज बघता. ज्वारीचं पीठ काठवटीत घेऊन वर आधणाचं पाणी कशाला ओततात? गव्हात ग्लूटेन असतं, ते रबरासारखं ताणतं, गॅस धरून ठेवतं, म्हणून पाव फुगतो. ज्वारीत ते नाहीच. मग भाकर थापताना चिरा पडू नयेत म्हणून डिंक आणायचा कुठून? पिठातलाच थोडा स्टार्च आधणानं शिजवून घ्यायचा. गार पाण्यात मळून बघा, कडेला चिरा पडल्याच म्हणून समजा. (आता ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'ग्लूटेन-फ्री' लिहून जास्त भाव लावतात. अहो, नव्हतंच कधी.)

आता खरी गंमत. शिजून मोकळ्या झालेल्या माळा गार झाल्या की गप बसत नाहीत, पुन्हा एकमेकींना चिकटायला बघतात. अमायलोज सरळ असल्यानं तिला घाई, ती काही तासांतच जुळते. गरम पाव कापला तर सुरीला चिकटतो आणि निवल्यावर नीट चकत्या पडतात ते हिच्यामुळं. पिठलं गार झालं की ताटात वडीसारखं थिजतं, तेही तेच, डाळींच्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त. अमायलोपेक्टिनच्या फांद्या आडव्या येतात म्हणून तिला दिवस लागतात, पण जोड्या जुळत जातात, दोन-दोन फांद्यांचे पीळ बनतात, पिळांचे स्फटिक बनतात आणि या स्फटिकाच्या एकेका घरात पाण्याचे ३६ रेणू अडकून बसतात. म्हणजे पाणी पावातच आहे, फक्त कोंडलं गेलंय, जिभेला लागत नाही. यालाच शिळं होणं म्हणायचं.

मग फ्रीजात लवकर का? स्फटिक व्हायला दोन गोष्टी लागतात. आधी बीज पडावं लागतं, म्हणजे थोड्या माळांची पहिली जुळणी व्हावी लागते, त्याला गारवा मानवतो. मग बीज वाढावं लागतं, त्यासाठी माळांना हलता यायला हवं, त्याला ऊब मानवते. दोन्हींचा गुणाकार सगळ्यात मोठा कुठं येतो तर शून्याच्या थोडं वर, ४-५ डिग्रीला. म्हणजे बरोब्बर फ्रीजचं तापमान! आणि डीप फ्रीझरच्या उणे १८ ला माळा जागच्या जागी गोठतात, कुणीच हलत नाही, म्हणून तिथं पाव टिकतो. तापवल्यावर अमायलोपेक्टिनचे स्फटिक ६० च्या आसपास वितळतात, अमायलोजचे मात्र १२० च्या वर गेल्याशिवाय हलत नाहीत. त्यामुळं गरम केलेला पाव मऊ होतो पण ताज्यासारखा अगदी होत नाही, आणि परत निवला की पहिल्यापेक्षा लवकर कडक.

इथवर सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, मग ग्रुपवर आलंय ते खरं, शिळी भाकर खाल्ली की शुगर उतरते. तर ऐका. पुन्हा जुळलेला स्टार्च आपल्या पाचकरसांना नीट तोडता येत नाही हे खरं, त्याला 'रेझिस्टंट स्टार्च' नावही आहे, तो मोठ्या आतड्यापर्यंत जातो आणि तिथले जीवाणू त्यावर जगतात. पण भाकरीतल्या एकूण स्टार्चमध्ये त्याचा वाटा लहान, बाकीच्याचं ग्लुकोजच होणार. शिळ्या चार भाकरी खाऊन गोळी बंद करणाऱ्याची शुगर कुठं जाईल हे सांगायला मेसेज पाठवणारा दवाखान्यात येत नाही. आवडते म्हणून ताकात कुस्करून खा, औषध म्हणून नको.

सुपाचं राहिलंच. मी त्यात दोन चमचे कॉर्नफ्लॉवर (म्हणजे मक्याचा स्टार्चच) घातलं होतं, रात्री छान दाट. सकाळी फ्रीजातून काढलं तर मधे थलथलीत गोळा आणि कडेनं पाणी सुटलेलं, माळा जवळ आल्या की मधलं पाणी पिळून निघतं. आई म्हणाली, त्यापेक्षा येसर घालायचं. आमच्याकडं आमटीला दाटपणा येसरनंच येतो, भाजलेल्या धान्या-डाळींचं पीठ आणि मसाला. कोरडं भाजताना स्टार्चच्या माळा तुटून आखूड होतात, म्हणून येसर कॉर्नफ्लॉवरइतकं दाट करत नाही, चमचे जास्त लागतात, पण आखूड माळांचा गोळाही तसा होत नाही. दुपारी टोमॅटोच्या सुपात येसर घातलं, वरून लसणाची फोडणी दिली, आणि फ्रीजातला पाव तव्यावर झाकण ठेवून गरम केला. सूप म्हणून वाढलं होतं, पण सगळ्यांनी आमटीच म्हणून भुरकली.