रोमन लोक जेवायचे काय? उत्तर गटारात सापडलं

रोमन लोकांचं जेवण म्हटलं की आपल्याला कोचावर आडवं पडून द्राक्षं तोंडात टाकणारे शेठलोक आठवतात, ताटात अख्खा मोर, बाजूला वारा घालणारे गुलाम वगैरे. सिनेमावाल्यांनी हे सगळं हवेतून आणलेलं नाही, श्रीमंतांच्या मेजवान्यांची अशी वर्णनं खरंच लिहून ठेवलेली आहेत. डॉरमाऊस नावाचा एक उंदरासारखा प्राणी असतो, तो पोसायला ते खास मातीचे रांजण बनवायचे, आतून चढायला कडा असलेले, आणि जाडजूड झाला की खायचे. हे खरंय. पण हे लिहिणारे कोण होते? स्वतः श्रीमंत, नाहीतर श्रीमंतांच्या पंगतीला बसणारे. आणि माणूस रोजच्या भाकरतुकड्याबद्दल थोडंच लिहितो, तो लिहिणार विचित्र काही दिसलं तरच. मग दुकानदार, सुतार, धोबी, गुलामीतून सुटलेली माणसं, यांच्या पोटात काय जात होतं हे पुस्तकांत फारसं सापडत नाही. त्यासाठी त्यांचा कचरा उपसावा लागतो, आणि अगदी स्पष्ट बोलायचं तर त्यांची शी.

इटलीत नेपल्सजवळ हर्क्युलेनियम नावाचं छोटं गाव होतं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा जवळच्या पॉम्पेई शहराबरोबर हेही गाडलं गेलं, पण पॉम्पेईपेक्षा खूप खोल, साधारण 20 मीटर. तिथल्या एका रस्त्याखाली (आजचे पुरातत्त्ववाले त्याला कार्दो पाच म्हणतात) एक मोठं भुयार आहे, 80 मीटरहून लांब, माणूस आत उभा राहील एवढं उंच. वरती तीन बाजूंना दुकानं आणि त्यावर भाड्याच्या खोल्या अशी चाळवजा इमारत, अंदाजे दीडएकशे लोक राहत असावेत. संडासांचे आणि स्वयंपाकघरातल्या मोऱ्यांचे मातीचे पाईप थेट या भुयारात उतरायचे. म्हणायला गटार, पण त्यातून पाणी वाहून जायचंच नाही, म्हणजे खरं तर ती एक भलीमोठी सेप्टिक टँकच होती, वरून पडायचं ते तिथेच साचायचं. आणि एक दिवस ज्वालामुखीने झाकण लावून टाकलं.

या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी तो थर उपसायला घेतला आणि सातशेहून जास्त पोती माल निघाला. तोपर्यंत अर्थातच त्याला वास वगैरे काही उरला नव्हता, नुसती तपकिरी भुसभुशीत माती. आता या मातीतून जेवण कसं काढायचं? तर माती पाण्यात कालवतात, हलक्या गोष्टी वर तरंगतात, त्या बारीक चाळणीत धरतात, खाली बसलेलं वेगळं धुतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा चिमट्याने निवडत बसायचं. संडासातल्या बिया दोन हजार वर्षं टिकायचं कारण पण भारी आहे. विष्ठेत आणि हाडांत कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं, ते ओलाव्यात विरघळून बियांच्या आत शिरतं आणि हळूहळू बीच्या जागी बीच्याच आकाराचा दगड तयार होतो. माशांचं म्हणाल तर त्यांच्या कानात एक छोटासा चुन्याचा खडा असतो, प्रत्येक जातीचा आकार वेगळा, त्यामुळे एवढ्याशा खड्यावरून कुठला मासा होता ते सांगता येतं.

सापडलं काय? अंजीर, द्राक्षं, ऑलिव्ह, सफरचंद, मसूर, धने, खसखस, चक्क शेपू. अंड्यांची टरफलं, कोंबडीची आणि मेंढीची हाडं, समुद्रातले शिंपले, सी अर्चिन म्हणजे काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव. माशांच्याच चाळीसहून जास्त जाती. सगळं मिळून खाण्याचे शंभराहून जास्त प्रकार, आणि हे सगळं राजवाड्यात नाही हां, दुकानांवरच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांच्या संडासात. गरीब रोमन माणूस म्हणजे सकाळ संध्याकाळ नुसती पेज ओरपणारा, हे जे चित्र होतं त्याला इथे मोठा तडा गेला. अर्थात लगेच सगळ्या साम्राज्याला हे लावू नये असं मला वाटतं, कारण हे गाव समुद्रकाठचं, जमीन ज्वालामुखीच्या राखेची म्हणजे सोनं, आजूबाजूला श्रीमंतांचे बंगले. आत डोंगरात राहणाऱ्या शेतमजुराला सी अर्चिन कुठून मिळणार.

गटारात खाण्याव्यतिरिक्तही माल होता. दिवे, नाणी, मणी, आणि एक सोन्याची अंगठी. कुणाची तरी पडली असणार आणि आत हात घालायची हिंमत झाली नसणार!

मुख्य खाणं मात्र पाव, त्यात वाद नाही. हर्क्युलेनियममध्ये एक गोल पाव कोळसा होऊन जसाच्या तसा राहिलाय, वरून आठ भाग पाडलेले, आणि त्यावर शिक्का आहे, क्विंटस ग्रानियस वेरस याचा गुलाम केलेर याचा पाव. आणि पॉम्पेईत 1862 मध्ये एका बेकरीची भट्टी उघडली तर आत 81 पाव तसेच होते, कुणीतरी भट्टीत टाकले आणि काढायला परत आलंच नाही. पॉम्पेईत अशा तीसएक बेकऱ्या होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी दळण आणि भाजणं एकाच छताखाली. दळायची जाती म्हणजे आपण हाताने फिरवतो तशी नव्हेत. खाली शंकूसारखा उभा दगड, त्यावर डमरूच्या आकाराचा पोकळ दगड, वरच्या वाटीत गहू ओतायचा, मधल्या भोकांत लाकडी दांडे घालून गाढवाला जुंपायचं आणि ते गोल गोल फिरणार. दगड लाव्हाचा, खडबडीत, म्हणून पीठ चांगलं निघायचं पण दगडाची कच पण पिठात यायची आणि ती चावून चावून लोकांचे दात झिजायचे.

या बेकऱ्यांची दुसरी बाजू 2023 मध्ये जास्त स्पष्ट दिसली. पॉम्पेईत एक बेकरी सापडली जिच्यातून बाहेर रस्त्यावर पडायला दार नाही, फक्त घराच्या आतल्या बाजूला, आणि खिडक्या म्हणजे भिंतीत उंचावर छोटी भोकं, त्यांनाही लोखंडी गज. फरशीत अर्धगोल खाचा कोरलेल्या आहेत, जनावरांचे पाय घसरू नयेत आणि अरुंद जागेत एक गाढव दुसऱ्यावर आदळू नये, सगळ्यांनी तालात फिरावं म्हणून. त्याच अंधारात माणसंही कामाला, अर्थात गुलाम. डोळे बांधलेलं गाढव आणि कोंडलेला माणूस एकाच खोलीत पीठ काढतायत, आणि भिंतीपलीकडे मालकाचं चित्रांनी सजवलेलं घर. रोमन पावाच्या फोटोखाली लोक किती सुंदर, किती सुंदर करतात तेव्हा मला ही खोली आठवते.

बरं, घरी चूल नसेल तर? रोम शहरात बहुमजली इमारतींत वरच्या खोल्यांना बऱ्याचदा स्वयंपाकघर नसायचंच, आगीची भीती वेगळी. मग बाहेर खायचं. पॉम्पेईत रस्त्यावर इंग्रजी एल अक्षरासारखे दगडी ओटे असलेली दुकानं खूप सापडतात, ओट्यात मोठाली मडकी बसवलेली. 2020 च्या डिसेंबरमध्ये असं एक दुकान जगाला दाखवलं गेलं, ओट्यावर रंगीत चित्रं, उलटी टांगलेली बदकं, कोंबडा, साखळीचा कुत्रा, आणि कुत्र्याच्या चित्राच्या चौकटीवर कुणीतरी मालकाला अगदी घाण शिवी खरवडून ठेवलेली. मडक्यांत बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले. दारूच्या भांड्याच्या तळाशी कुटलेल्या पावट्यासारख्या घेवड्याचे दाणे होते, दारूचा रंग उजळायला ते घालत. यावर अभ्यासकांत एक जुना वाद आहे, ओट्यात पक्की बसवलेली ही मातीची मडकी धुणार कशी, मग यात पातळ गरम पदार्थ कसे ठेवणार, सुका मेवा, कडधान्यच असणार असं बरेच जण म्हणायचे. या दुकानाने वादाची दिशा थोडी बदलली, मिटवला नाही.

भाव काय होते? तेही भिंतींवर आहेत, पॉम्पेईचे लोक भिंत दिसली की लिहायचे. एका दारूच्या दुकानाची पाटी अशी की एका आसमध्ये प्यायला मिळेल, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळातली एकदम टॉपची वाइन. आस हे तांब्याचं छोटं नाणं, 16 आस म्हणजे एक चांदीचा दिनार. दुसऱ्या एका घरात तर ओळीने काही दिवसांचा किराणाच लिहिलाय, चीज, पाव, तेल, वाइन, कांदा, खजूर, सॉसेज, आणि त्यात गुलामासाठीच्या पावाची नोंद वेगळी, अर्थात स्वस्तातली. तुलनेला म्हणून, त्या काळच्या सैनिकाचा पगार वर्षाला 225 दिनार होता, म्हणजे दिवसाला साधारण 10 आस, आणि त्यातून जेवणाचे पैसे कापूनच घ्यायचे. म्हणजे चार आसची फालेर्नियन रोज कुणी पीत नसणार हे उघड आहे.

ऑलिव्हचं तेल तर इतकं लागायचं की त्याचा डोंगर झाला, शब्दशः. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची सुमारे 35 मीटर उंचीची टेकडी आहे, ती माती दगडाची नाही, फुटलेल्या तेलाच्या रांजणांची आहे. एकेक रांजण रिकामाच 30 किलोचा, आत 70 लिटर तेल, बहुतेक दक्षिण स्पेनमधून बोटीने आलेला. तेल मातीत मुरून खवट व्हायचं, पुन्हा वापरता यायचे नाहीत, म्हणून फोडून रचायचे आणि वास मरायला वर चुना टाकायचे. अंदाज आहे पाच कोटींहून जास्त रांजणांचा. बऱ्याच खापरांवर शाईने वजन, व्यापाऱ्याचं नाव, वर्ष, तपासणाऱ्याची नोंद असं सगळं आहे, त्यामुळे इतिहासकारांना ही टेकडी म्हणजे सरकारी दप्तरच मिळाल्यासारखं झालं.

मिरची, टोमॅटो, बटाटा, मका यातलं काहीही रोमनांकडे नव्हतं, ते सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडेही पोर्तुगीजांनंतर आलेलं. तिखटाला काळी मिरी, आणि ती यायची केरळच्या किनाऱ्यावरून. इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरातल्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी सापडली आहे. थोरला प्लिनी हा रोमन लेखक यावर वैतागायचा, नुसत्या झणझणीतपणासाठी आपण पार भारतात जातो आणि साम्राज्याचे दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (चार सेस्टर्स म्हणजे एक दिनार) तिकडे घालवतो म्हणून. त्याने काळ्या मिरीचा भाव दिलाय एका पौंडाला 4 दिनार, रोमन पौंड म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम, म्हणजे सैनिकाच्या आठवडाभराच्या पगाराच्या जवळपास. तरी सैनिक घ्यायचेच. रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेजवळ विंडोलांडाच्या छावणीत लाकडी पट्ट्यांवर लिहिलेले हिशेब मिळालेत, त्यात एकाच्या नावापुढे 2 दिनारांची मिरी लिहिलीय. केरळची मिरी स्कॉटलंडच्या वेशीवर! (या व्यापारात आपलाही भाग होता. पॉम्पेईत 1938 मध्ये हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली, तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात मिळालाय. आणि प्लिनी शेवटी त्याच 79 च्या उद्रेकात मेला, बोटी घेऊन लोकांना वाचवायला गेला होता.)

पण एका गटारातून घराने काय खाल्लं ते कळतं, घरातल्या कुणी किती खाल्लं ते नाही. त्यासाठी हाडं लागतात. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर बोटी ठेवायच्या कमानींत 300 हून जास्त सांगाडे मिळालेत, बोट येईल म्हणून थांबलेले लोक. समुद्रात मोठा मासा लहान माशाला खातो ती साखळी लांब असते, आणि प्रत्येक पायरीला नायट्रोजनचं जड रूप थोडं थोडं वाढत जातं, मग तो मासा खाणाऱ्या माणसाच्या हाडात ते उतरतं. 2021 मध्ये 17 प्रौढांच्या हाडांतली अमिनो आम्लं (म्हणजे प्रथिनांचे घटक) एकेक वेगळी करून हे मोजलं, तर पुरुषांच्या हाडांत मासळीतून आलेली प्रथिनं बायकांच्या सुमारे दीडपट निघाली. बायकांच्या वाट्याला जमिनीवरचं जास्त. कारण काय, तर काही म्हणतात पुरुष मासेमारीवर जायचे, तिथेच खायचे, काही म्हणतात गुलामीतून पुरुष लवकर सुटायचे आणि महागडं खाणं त्यांना आधी परवडायला लागायचं. दोन्ही असू शकतं. एकाच दिवशी, एकाच गावात, एकत्र मेलेली माणसं, त्यामुळे दुष्काळ, काळ, हवामान यांचा घोळ मधे येत नाही, अशी तुलना दुसरीकडे कुठे सहज करता येत नाही.

आता शेवटचं, जेवताना वाचत असाल तर इथेच थांबा. रोमनांचा सगळ्यात आवडता मसाला गारुम, म्हणजे माशांची आतडी आणि छोटे मासे मिठात घालून उन्हात कुजवून काढलेलं पाणी, पॉम्पेईच्या स्काउरस नावाच्या व्यापाऱ्याने यावर इतका पैसा केला की घराच्या फरशीत गारुमच्या बाटल्यांचीच चित्रं जडवून घेतली. हे न शिजवता सगळीकडे जायचं. वर बऱ्याच घरांत संडास स्वयंपाकघरातच, चुलीला लागून, म्हणजे खरकटं पाणी टाकायला सोयीचं. रोमनांनी नळ आणले, हमामखाने बांधले, सार्वजनिक संडास बांधले म्हणून ते आरोग्यवान झाले असतील असं आपण धरून चालतो, पण जुन्या संडासांच्या मातीत जंतांची अंडी मोजली तर रोमन काळात ती कमी झालेली दिसत नाहीत, जंत, व्हिपवर्म नावाचे कृमी सगळे आहेत तिथेच. माशातून येणारा पट्टकृमी तर युरोपात आधीपेक्षा जास्त ठिकाणी दिसायला लागतो, आणि संशोधकांचा संशय सरळ त्या बाटलीतल्या कच्च्या गारुमवर आहे.