मानेतल्या शिरेतला चोर

‘घसा दुखण्यानं कोणी मरत नाही,’ असं आपण सहज म्हणून जातो. ते जवळजवळ खरंच आहे. बहुतेक वेळा दुखणं विषाणूंचं असतं, आठवड्याभरात निवळतं, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोगही नसतो. मला बोलायचंय ते त्या ‘जवळजवळ’बद्दल.

फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी 1936 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 20 रुग्णांची हकिगत मांडली. त्यांच्याच नावानं ओळखला जाणारा हा आजार. सुरुवात साध्या घसादुखीनं, मग काही दिवसांत हुडहुडी भरून ताप. 20 पैकी 18 दगावले. पेनिसिलिन तेव्हा वापरात आलेलं नव्हतं.

यातला मुख्य आरोपी फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम. या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही. मग तो रक्तात तग धरतो कसा? गंमत इथेच आहे. टॉन्सिलभोवती सूज येऊन पेशी मरू लागल्या, की तिथला ऑक्सिजन घटतो आणि याचं फावतं. बारीक नीलांवाटे तो शेजारच्या मोठ्या नीलेपर्यंत, म्हणजे मानेतल्या जाड शिरेपर्यंत पोचतो. तिथे तो प्लेटलेट्स एकमेकींना चिकटवतो, रक्ताची गुठळी होते आणि तिच्या आडोशाला हा सुखानं वाढतो. स्वतःचं बिऱ्हाड स्वतःच बांधणारा जंतू!

नीलेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. त्यामुळे गुठळीचे जंतूभरले तुकडे अडकतात ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत, आणि तिथे पू धरतो. रोगी येतो तो छातीत दुखतं, धाप लागते म्हणून. घसा एव्हाना बरा झालेला असतो, त्याची आठवण कोण काढणार?

घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे होणारा संधिवाताचा ताप ही निराळी गोष्ट. तिथे आपलीच प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपांवर उलटते. ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणारे हे कधी सांगत नाहीत.

लेमिएरचा आजार फार दुर्मीळ आहे, दर घसादुखीला घाबरायचं कारण नाही. मात्र घसा दुखून गेल्यावर थंडी वाजून ताप आला, मानेची एकच बाजू दुखू-सुजू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तिथे रक्ताचा नमुना ऑक्सिजन नसलेल्या बाटलीतही घालतात. जंतू त्यात उगवायला काही दिवस लागू शकतात. सीटी स्कॅनमध्ये गुठळी मात्र लगेच दिसते, आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला बाटलीची वाट पाहत नाहीत.