केबल स्ट्रीटचा लढा आणि त्याचे परिणाम

केबल स्ट्रीटचा लढा (४ ऑक्टोबर १९३६) : पूर्व लंडनच्या ज्यूबहुल वस्तीतून फॅसिस्ट नेता ऑस्वल्ड मोस्ले याच्या ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ने काढायचे ठरवलेला मोर्चा स्थानिक लोकांनी अडवला, ती घटना. काळ्या शर्टांतले दोन-तीन हजार फॅसिस्ट टॉवर ऑफ लंडनजवळच्या रॉयल मिंट स्ट्रीटवर जमले होते. त्यांना वाट करून द्यायला सहा हजारांवर पोलीस होते आणि वाट अडवायला एक लाखापासून तीन लाखांपर्यंत, मोजणारा कोण त्यावर, लोक. ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट, मजूर पक्षाचे कार्यकर्ते. ज्यूंच्या प्रातिनिधिक मंडळाने घरीच राहा असे बजावले होते. ते फारसे कुणी ऐकले नाही. झटापट मुख्यतः पोलीस आणि नागरिक यांच्यात झाली, फॅसिस्ट बहुतांशी उभेच राहिले. अखेर पोलीस आयुक्त फिलिप गेम यांनी मोस्लेला मोर्चा पश्चिमेकडे वळवायला लावले.

लोकस्मृतीत त्या दुपारी ब्रिटनमधला फॅसिझम संपला. कागदपत्रे तसे सांगत नाहीत. सुमारे दीडशे जणांना अटक झाली, त्यांत बहुसंख्य मोर्चा अडवणारेच होते. बरोबर आठवड्याने, ११ ऑक्टोबरला, माइल एंड रोडवर टोळक्यांनी ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या. आपली सभ्य मिरवणूक लाल गुंडांनी उधळली, असा प्रचार करून संघटनेने सहानुभूती मिळवली. लंडनमध्ये तिचे सुमारे दोन हजार सभासद वाढले, असा पोलिसांच्या स्पेशल ब्रँचचा अंदाज होता. मार्च १९३७ च्या लंडन काउंटी कौन्सिल निवडणुकीत फॅसिस्ट उमेदवारांना पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये सुमारे २३, लाइमहाउसमध्ये १९ आणि शोरडिचमध्ये १४ टक्के मते पडली. जागा मात्र एकही मिळाली नाही. त्यानंतर पैसा आटला, पगारी माणसे कमी करावी लागली, विल्यम जॉइस आणि जॉन बेकेट हे आघाडीचे नेते बाहेर पडले. ही पडझड केवळ केबल स्ट्रीटमुळे झाली, असे म्हणता येत नाही.

कायद्यावरचा परिणाम अधिक टिकाऊ ठरला. गृहमंत्री होते सर जॉन सायमन, म्हणजे १९२८ साली मुंबईत उतरताच ज्यांना काळे झेंडे दिसले तेच. त्यांनी आणलेला सार्वजनिक सुव्यवस्था कायदा १ जानेवारी १९३७ पासून अमलात आला. राजकीय हेतूने सार्वजनिक ठिकाणी गणवेश घालण्यास आणि खाजगी सैन्यासारखी संघटना चालवण्यास मनाई झाली. मोर्चांवर तीन महिन्यांपर्यंत बंदी घालण्याची तरतूद आली. काळा शर्ट गेला आणि मोस्लेच्या कवायतीतली अर्धी जादूही गेली. पण बंदीचा हुकूम पक्ष पाहून निघत नव्हता. १९३७ च्या उन्हाळ्यात पूर्व लंडनमध्ये ती लागू झाली, तेव्हा डाव्यांच्या मिरवणुकाही थांबल्या. आयरिश प्रजासत्ताकवाद्याच्या अंत्ययात्रेत काळ्या टोप्या घालणाऱ्यांना १९७० च्या दशकात याच गणवेशकलमाखाली शिक्षा झाली. १९८६ च्या कायद्याने जुन्या कायद्याचा बराच भाग रद्द केला. गणवेशाचे कलम राहिले.

आणखी एक परिणाम वस्तीत दिसतो आणि तो या सगळ्यांत मोलाचा वाटतो. रस्त्यावर एकत्र आलेले लोक पुढे घरभाड्याच्या प्रश्नावर एकत्र राहिले. पूर्व लंडनमधल्या स्टेपनी भागातल्या भाडेकरू संरक्षण संघाने भाडेबंदीचे लढे दिले आणि १९३९ पर्यंत अनेक घरमालकांना नमते घ्यायला लावले. कम्युनिस्ट कार्यकर्ता फिल पिराटिन याने आठवण नोंदवली आहे की घराबाहेर काढले जाणारे एक कुटुंब मोस्लेच्या पक्षाचे सभासद होते. त्याच्यासाठी कम्युनिस्टांनी दार अडवले आणि त्या कुटुंबाने पक्षाचे कार्ड फाडून टाकले. सांगणारा पक्षाचाच माणूस, हे ध्यानात ठेवावे. पण बेकारी आणि ओलसर खोल्या हेच मोस्लेचे खरे भांडवल होते, हे त्याचे निदान निवडणुकीच्या आकड्यांशी जुळते. पिराटिन १९३७ मध्ये स्टेपनीचा नगरसेवक आणि १९४५ मध्ये माइल एंडचा खासदार झाला.

मोस्लेने लढ्यानंतर दोनच दिवसांनी बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी डायना मिटफर्डशी लग्न केले. हिटलर हजर होता. मे १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने मोस्लेला विनाचौकशी स्थानबद्ध केले आणि त्याच वर्षी त्याच्या पक्षावर बंदी घातली. केबल स्ट्रीटवरच्या सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या भिंतीवर या लढ्याचे मोठे चित्र १९८३ मध्ये पूर्ण झाले. काम चालू असतानाच उजव्या गटांनी ते विद्रूप केले होते.