फॉलोअर 50 हजार, मग गिऱ्हाईक किती?

‘50 हजार फॉलोअर म्हणजे 50 हजार लोकांनी जाहिरात पाहिली; त्यात थोडे खोटे असले तरी काय बिघडतं?’ इन्स्टाग्रामवरच्या इन्फ्लुएन्सरला, म्हणजे फॉलोअर जमवून पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्याला, काम देणाऱ्यांचा हा समज जुना आहे. आकडा समोर दिसतो, त्यामुळे तो पटतोही.

पण पोस्ट सगळ्या फॉलोअरना दिसतच नाही. आधी काहींना दाखवली जाते, प्रतिसाद मिळाला तर पुढे सरकते. खोटी खाती ढिम्म बसतात, त्यामुळे खऱ्या माणसांपर्यंतही पोस्ट कमी पोहोचते.

समजा, दादरच्या साडीच्या दुकानाने अशा 50 हजारवाल्याला एका रीलचे 10,000 रुपये दिले. फॉलोअरमागे 20 पैसे, स्वस्तच वाटतं. रील पाहिली 2,000 जणांनी, म्हणजे माणशी 5 रुपये. त्यातले मुंबईतले 500 असतील, तर 20 रुपये. हिशेब इथून धरायचा.

पैसे देण्याआधी त्याच्या शेवटच्या 12 रील बघा. बक्षिसाच्या स्पर्धेची असेल ती सोडून द्या. कमेंटमध्ये नुसतं ‘नाइस’ आणि बदाम आहेत, की कोणी ‘फॉल-पिको करून मिळेल का?’ असं विचारतंय? फॉलोअरच्या यादीतली 50 खाती उघडा. फोटो नाही, नावापुढे आकड्यांची शेपटी, स्वतः मात्र हजारोंना फॉलो करतंय, अशी बरीच निघाली तर सावध व्हा. (नुसती पोस्ट नाही म्हणून खातं खोटं ठरत नाही, आपल्याकडे गुपचूप बघणारे काही कमी नाहीत.)

रीच (पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली) आणि बघणारे कोणत्या शहरांतले, ही आकडेवारी स्क्रीनशॉटवर घेऊ नका, तो बदलता येतो. समोर मोबाइल उघडून दाखवायला सांगा.