‘हे तर माझ्या मुलानेही काढलं असतं’
(फ्रेमला चित्र देण्याआधी आमच्या गिऱ्हाइकांनी वाचावं म्हणून)

हे वाक्य आमच्या काउंटरवर अधूनमधून ऐकू येतंच. कुणी जपानी चित्रकार योशितोमो नारा यांचं पोस्टर उलगडतं, मोठ्या डोक्याची, डोळे वटारलेली पोरगी दिसते आणि शेजारचं गिऱ्हाईक हसतं. पहिल्यांदा आम्हीही हसलो होतो. मग ते पोस्टर चार दिवस कामाच्या टेबलावर राहिलं. येताजाता ती आपल्याकडेच बघतेय असं वाटू लागलं, तेव्हा कारागिराने ते गुपचूप पालथं घातलं. नुसत्या गमतीच्या चित्राला कोणी पालथं घालत नाही.

नारा यांचा जन्म १९५९चा, उत्तर जपानमधल्या हिरोसाकीचा. आईवडील कामावर, घरात हे एकटे. पुढे शिकायला जर्मनीत ड्युसेलडॉर्फला गेले, तेव्हा तिथली भाषा धड येत नव्हती. त्यांच्या २०००च्या एका मोठ्या चित्राचं नाव आहे ‘पाठीमागे सुरी’. चित्रात सुरी कुठेच नाही. मुलीचा एक हात पाठीमागे गेलाय, बास. २०१९मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ते सुमारे साडेएकोणीस कोटी हाँगकाँग डॉलरना गेलं. आकडा ऐकून हसणारे गप्प होतात. आम्हाला मात्र त्या न दिसणाऱ्या हातापाशीच गप्प व्हायला झालं.

तिच्याभोवतीची जागा रिकामी आहे, आणि आमचं काम तिथेच सुरू होतं. ‘कडेचं पांढरं कापा, तयार साइझमध्ये बसवा’ असा आग्रह असतो. कृपया धरू नका. नारा जुन्या पाकिटांवरही चित्रं काढतात. अशा कागदाची घडी आणि फाटकी कडासुद्धा चित्रातलीच. तो माउंटखाली, म्हणजे चित्राला लावायच्या जाड पुठ्ठ्याखाली, झाकायचा नाही, माउंटवर ठेवायचा. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाची खळ, बाकी मोकळा. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला हलायला जागा लागते. सेलोटेप अजिबात नको, पिवळा डाग पडतो आणि निघत नाही.

कडा न कापण्याचा धडा आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. पहिल्या वर्षी एका छोट्या मुलीच्या चित्राची कडा आम्ही ‘सरळ’ केली. न्यायला आली तेव्हा ती रडली नाही, फक्त विचारलं, “शेपूट कुठंय?” मांजराचं शेपूट कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं.

आमच्या आवडीचं विचाराल तर चित्रकार माधवी पारेख. १९४२चा जन्म, गुजरातमधलं संजाया गाव, कलाशाळेत शिक्षण नाही. पती मनू पारेख यांनी दिलेल्या, युरोपातले चित्रकार पॉल क्ली यांच्या पुस्तकातल्या ठिपक्या-रेषांच्या सरावापासून सुरुवात. मधे एखादी मोठी आकृती, भोवती माणसं, पक्षी, साप, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. अंगणात बसून आजीची गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. कित्येकदा चित्रालाच लुगड्यासारखे काठ असतात. त्यावर फ्रेमची जाड सोनेरी पट्टी म्हणजे काठाला काठ. बारीक लाकडी पट्टी पुरते.

त्यांनी पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रंही केली आहेत. जुन्या देवघरांत काचेवरचे देव असायचे, तीच रीत. यात वरचं बारीक काम आधी रंगवायचं, पार्श्वभूमी शेवटी. तुमच्याकडे असं काही असेल तर मागून फडकं मारू नका, रंग तिथेच आहे. फ्रेममध्येही मागचा बोर्ड रंगाला टेकू द्यायचा नाही.

एक सांगायचं राहिलं. वारली चित्र आणून ‘बालिश स्टाइल’ म्हणू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची दोन त्रिकोण जोडून झालेली माणसं नीट बघा, नाचताना प्रत्येकाची कंबर वेगळी वळते.

ऑइल पेस्टल किंवा पोस्टर कलर असेल तर आधी सांगा. काच आणि कागदात फट ठेवावी लागते, नाहीतर दमट हवेत रंग काचेला चिकटतो. फट ठेवायला पट्टी खोल लागते, खर्च थोडा वाढतो. चित्र गुंडाळून आणलंत तरी चालेल, रंगाची बाजू बाहेर ठेवून, सैल. ते मुलाचं असेल तर जमल्यास मुलालाही आणा. वरची बाजू कुठली, हे आम्हाला नेहमीच कळतं असं नाही.