कोठीपोटात हात घालून शिकायचं शास्त्र

‘गुरांना काय घालायचं, हे ठरवायला पीएचडी कशाला लागते?’ पशुपोषण शिकणाऱ्याला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. चाऱ्यातली प्रथिनं आणि ऊर्जा मोजली, बेरीज जुळवली की झालं, असा त्यामागचा समज. शंभर वर्षांपूर्वी रसायनशास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. १९०७ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कालवडींच्या एका गटाला फक्त मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट आणि चौथ्याला तिन्हींचं मिश्रण दिलं. कागदावर पोषण सगळ्यांना सारखंच. पण मक्यावरच्या गाई तुकतुकीत राहिल्या, गव्हावरच्या खंगल्या आणि त्यांची वासरं दगावली. या प्रयोगावर काम करणारा रसायनशास्त्रज्ञ मॅकॉलम पुढे उंदरांकडे वळला आणि १९१३ मध्ये अ जीवनसत्त्वापर्यंत पोचला.

या क्षेत्राची वाट पशुवैद्यक किंवा कृषीच्या पदवीतून सुरू होते. मग पशुपोषणात पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर काही वर्षं पीएचडी. संख्याशास्त्र कच्चं ठेवून इथे चालत नाही. पुढे विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा पशुखाद्याचा कारखाना. खरं शिक्षण मात्र गोठ्यात होतं. संशोधनासाठी काही गाईंच्या कुशीत शस्त्रक्रियेने झाकणाचं तोंड बसवलेलं असतं. दळलेल्या चाऱ्याच्या नायलॉनच्या पिशव्या त्यातून कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या सगळ्यांत मोठ्या कप्प्यात, सोडायच्या आणि ठरल्या तासांनी एकेक काढायची, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. हात कोपराच्या वर आत जातो, ऊब आणि आंबूस वास अंगभर येतो. पिशवी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायची, वाळवायची, तोलायची. जेवढं वजन घटलं, तेवढं जंतूंनी फस्त केलं.

कारण गवतातला सेल्युलोज, म्हणजे त्याचा तंतुमय भाग, गाईला स्वतःला पचवताच येत नाही. शंभर लिटरहून मोठ्या कोठीपोटात, ३९ अंशांच्या आसपास, ऑक्सिजनविना हे काम जीवाणू करतात; तिथल्या एका मिलिलिटर द्रवात ते अब्जावधी असतात. त्यांनी चारा आंबवला की ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात आणि गाईची बरीचशी ऊर्जा त्यांतूनच येते. खाल्लेली साखर बहुतेक जंतूच संपवतात. रक्तातलं ग्लुकोज यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून बनवतं.

खरी गंमत हायड्रोजनची आहे. ॲसेटिक आम्ल बनताना हायड्रोजन सुटतो आणि तो साचला तर आंबवणं मंदावतं. मग मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कार्बन डायऑक्साइडशी त्याची सांगड घालतात आणि चाऱ्यातली काही ऊर्जा ढेकरेतून वाऱ्यावर जाते. प्रोपिऑनिक आम्ल बनताना उलट हायड्रोजन वापरला जातो. मग धान्य वाढवावं, प्रोपिऑनिक वाढेल, मिथेन घटेल? घटतो खरा. पण धान्य फार झालं तर आम्लता वाढते, तंतू पचवणारे जीवाणू मागे पडतात आणि कोठीपोटाच्या भिंतीलाही इजा होते. हा तोल कुठे साधायचा, यावर आजही प्रयोग चालू आहेत.

म्हणून ‘ही पूड घाला, दूध दुप्पट’ अशा जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही. तुलनेला दुसरा गट होता का, किती जनावरं होती, हे तर विचारावंच. पण त्याआधी विचारावं, की पूड कोठीपोटातून शाबूत पुढे जाते की जंतू तिथेच तिचा फडशा पाडतात? मेथिओनिनसारखं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, तसंच दिलं तर बरंचसं जंतूंच्याच तोंडी पडतं. त्यामुळे त्यावर आवरण चढवतात. ते कोठीपोटात टिकायला हवं आणि आतड्यात पोचल्यावर सुटायलाही हवं. एवढं एक जमवण्यात संशोधकाची कित्येक वर्षं जातात.